मागच्या खोलीतली पीस लिली

कमी उजेडात वाढणारं झाड जगात नाही. हे वाक्य मी एकोणीस वर्षं तोंडातल्या तोंडात म्हणते आहे, कारण मोठ्याने म्हटलं तर माझा धंदा बसेल.

मी ऑफिसांना झाडं भाड्याने देते. लिफ्टसमोरचा कोपरा, मीटिंगची खोली, तळघरातला रेकॉर्ड विभाग, बिनखिडकीचा पॅसेज, असल्या जागा माझ्या वाट्याला येतात. खिडकीजवळची जागा साहेबांची असते आणि साहेबांना झाड नको असतं, पडदा हवा असतो. मग कोणीतरी फोन करून ठरलेला प्रश्न विचारतं, "उजेडाशिवाय वाढेल असं काय आहे तुमच्याकडे?" मी पाढे म्हटल्यासारखी यादी म्हणते. स्नेक प्लांट, झेडझेड, मनी प्लांट, अग्लोनेमा, पीस लिली. यातलं एकही उजेडाशिवाय वाढत नाही. ती फक्त मरायला वेळ घेतात. स्नेक प्लांट तर इतका वेळ घेतं की ते गेलंय हे लोकांना वर्षभराने कळतं, आणि तोवर ते त्याला पाणी घालत असतात.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक जागेसाठी दोन झाडं ठेवावी लागतात. एक पंधरा दिवस ऑफिसात, दुसरं माझ्या नर्सरीत हिरव्या जाळीखाली. बाहेरची चिनी मातीची कुंडी तिथेच राहते, आतली प्लास्टिकची तेवढी उचलायची आणि दुसरी ठेवायची. दोन मिनिटांचं काम. याला आम्ही बदली म्हणतो. गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं, आणि आपणहून कोणी सांगतही नाही. एका ऑफिसात रिसेप्शनवरच्या मुलीने तिच्या झाडाचं नाव बाळू ठेवलंय. चार वर्षांत तिच्या बाळूच्या मी शंभरएक बदल्या केल्या असतील. ती मला दर वेळी सांगते, "बघा ना, माझ्याशी किती रमलाय." मी म्हणते, "हो ना."

तर अशी मी. पन्नाशी उलटली, कंबरेने कधीच राजीनामा दिलाय, कुंड्या उचलून उचलून हातांची सालटी निघालीत, आणि तरीही घरी गेले की मी चिमीच. घर म्हणजे दादाचं घर. माझं म्हणून जे घर आहे ते म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दोन खोल्या. तिथे मी झोपायला जाते.

दादा घड्याळं दुरुस्त करतो. पुढच्या खोलीत खिडकीला लावून त्याचं टेबल आहे, डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर तिथे वाकलेला असतो. हल्ली मनगटावर घड्याळ बांधणारी माणसंच कमी झाली, त्यामुळे पूर्वी जिथे तीस घड्याळं रांगेत टिकटिकायची तिथे आता तीन-चार असतात. पण टेबल हललेलं नाही. खिडकी त्याची. त्यात त्याची चूक आहे असं मी म्हणत नाही, बारीक कामाला उजेड लागतो, मला काय ते समजत नाही का?

मागची खोली आईची. दोन वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि पलंगाला खिळली ती खिळलीच. त्या खोलीला खिडकी आहे, पण ती डक्टमध्ये उघडते. समोर हातभर अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, भिंतीवर पाइप, आणि पाइपांवर शेवाळ. सकाळी दहा वाजताही तिथे ट्यूब लावावी लागते. आईचं सगळं वहिनी करते. सगळं म्हणजे सगळंच, त्याची यादी कोणी करत नाही.

दीड वर्षापूर्वी एका रविवारी वहिनीने मला विचारलं होतं, "चिमे, या खोलीत एखादं झाड जगेल का गं? आईंना बघायला काहीतरी होईल. भिंतीकडे बघून बघून त्यांचं डोकं फिरायची वेळ आलीय. माझंही."

मी बॅगेतून कोरा कागद काढला. आमची ही परीक्षा साधी असते. भर दुपारी जागेवर कागद ठेवायचा आणि त्याच्यावर वीतभर उंच हात धरायचा. बोटं सुटी दिसतील अशी सावली पडली तर उजेड चांगला. नुसता डाग पडला तर कमी. डागही पडला नाही तर कुंडी परत गाडीत ठेवायची आणि नमस्कार करून निघायचं. त्या दिवशी ट्यूब बंद करून मी कागदावर हात धरला आणि कागद कोराच राहिला. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलेलं होतं आणि साडीचा पदर ओला होता. मला सरळ सांगायला हवं होतं की इथे काही जगणार नाही. पण माझी जीभ वळली नाही.

"बघू," मी म्हटलं. "पीस लिली लावून बघू."

स्नेक प्लांट जास्त टिकलं असतं, पण आईने नाक मुरडलं. "ते पहारेकऱ्यासारखं उभं राहतं," ती म्हणाली, "मला हलणारं पान दे." म्हणून पीस लिली. पंधरा दिवसांनी गेले तर पानांचा रंग उतरलेला, देठ लोळलेले. आई झोपली होती आणि वहिनी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. माझ्या पिशवीत दुसरी पीस लिली होती, एका दवाखान्यात द्यायची. काही ठरवलं वगैरे नव्हतं. हात आपोआप चालले. जुनी उचलली, नवी ठेवली, पिशवीचं तोंड बांधलं. वहिनी चहा घेऊन आली, झाडाकडे बघून थबकली आणि म्हणाली, "टवटवीत दिसतंय."

"तुझ्या हाताचा गुण," मी म्हटलं.

त्यानंतर दर एक रविवार सोडून मी जात राहिले. चहा होईपर्यंत बदली उरकायची. आणि नंतर नंतर तर मला त्यात चेव चढला. मी जाळीखालची सगळ्यात देखणी रोपं आईसाठी राखून ठेवू लागले, पांढरं फूल उमललेली. गिऱ्हाइकांना बिनफुलाची, आईला फुलाची. दादा आल्यागेल्याला मागच्या खोलीत नेऊन ते फूल दाखवायचा. "माझ्या बहिणीचं काम," म्हणायचा. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू? दीड वर्षात त्या घरात मी आणलेली एवढी एकच गोष्ट नावाजली गेली.

मग तो रविवार आला. मी जिना चढून दारात पोहोचले तेव्हाच वहिनीचा आवाज ऐकू आला. वहिनीचा आवाज बाहेरपर्यंत येणं ही नवलाची गोष्ट होती.

"डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत ना? ऐकलंत की नाही?"

मी आत गेले. दादा टेबलाशीच होता, भिंग कपाळावर ढकललेलं. वहिनी मधल्या दारात उभी होती. कोपऱ्यावरचे डॉक्टर आदल्या दिवशी येऊन गेले होते. आईचे दिवस-रात्र उलटे झाले होते हे मला माहीत होतं, पण ते कशाने हे मी कधी विचारलं नव्हतं. ती दिवसभर पेंगायची आणि रात्री दोन वाजता टक्क जागी व्हायची. सकाळ झाली, चहा का नाही, माणसं उठली कशी नाहीत, म्हणून वहिनीला हाका मारत बसायची. वहिनी उठली नाही तर स्वतः उठायला बघायची. म्हणजे परत पडायची भीती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या वाढवण्यात अर्थ नाही, पलंग खिडकीशी आणा, ऊन दिसू द्या, दिवस कधी आणि रात्र कधी हे शरीराला कळू द्या.

"वर्ष झालं, मी सलग दोन तास झोपलेले नाही," वहिनी म्हणाली. "परवा गॅसवर दूध ठेवून मी उभ्या उभ्या झोपले. पातेलं काळं झालं, तुम्हीच बंद केलंत. पलंग इथे आणू या. तुमचं टेबल त्या भिंतीला लावू."

"त्या भिंतीला मला केसाएवढा स्क्रू दिसणार आहे का?" दादा म्हणाला. तो काही ओरडला नाही. तोही थकलेलाच होता. "आणि मागची खोली तू म्हणतेस तेवढी अंधारी नाहीये. डॉक्टर पाच मिनिटं येतात, त्यांना काय कळतं? अगं, तिथे झाड वाढतंय. फूल येतंय! उजेड नसता तर फूल आलं असतं का?" मग त्याने माझ्याकडे बघितलं. "ही बघ, आलीच. हिला विचार. चिमे, तू यातली जाणकार. सांग बाई तूच. त्या खोलीत उजेड नाही, असं आहे का?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. माझ्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत फुललेली पीस लिली. कोणी पिशवीचं तोंड उघडलं असतं तर मला एक शब्दही बोलावा लागला नसता.

"म्हणजे," मी म्हटलं, "तगतात. काही झाडं कमी उजेडात तगतात."

"झालं तर मग," दादा म्हणाला आणि भिंग खाली ओढून त्याने घड्याळात डोकं घातलं.

वहिनीने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, एवढंच. मग म्हणाली, "बस. चहा टाकते." आणि ती चहा टाकायला गेली.

मागच्या खोलीत आई तोंड उघडं टाकून झोपली होती. स्टुलावर पंधरा दिवसांपूर्वीचं झाड मान टाकून उभं होतं. मी पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. त्या दिवशी बदली केली नाही. मनात म्हटलं, ठीक आहे, मी नाही बोलू शकले, आता झाडच बोलू दे. याला असंच ठेवू. महिन्याभरात पिवळं पडेल, काळं पडेल, दादा रोज बघेल आणि त्याचं त्यालाच कळेल. मला तोंडही उघडावं लागणार नाही. इतका सोयीचा विचार मला सुचला याचं तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

पुढचे पंधरा दिवस कामाचे गेले. एका बँकेत एसी बंद पडून अग्लोनेमाची पूर्ण रांग उकडली, ती बदलता बदलता माझा जीव मेटाकुटीला आला. रविवारी दादाकडे गेले ती रिकाम्या हाताने. झाडाची खालची तीन पानं पिवळी झाली होती, फुलाचा तपकिरी चोथा झाला होता. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा तिने आधी झाडाकडे बघितलं, मग माझ्या पायाशी बघितलं, जिथे एरवी पिशवी असते.

"आज हात हलवत आलीस?" तिने विचारलं.

"हो. म्हटलं, नुसतंच यावं."

"कामं खूप आहेत का?"

"नेहमीचीच."

ती आणखी काही विचारणार होती, पण आईने हाक मारली. मला सुटल्यासारखं वाटलं. जिना उतरताना मी हिशोब केला की आणखी दोन खेपा, मग झाड पुरतं जाईल. वहिनीच्या किती रात्री जातील, तो हिशोब मी केला नाही.

त्याच्या पुढच्या खेपेला आणखी चार पानं गेली होती. दादा म्हणाला, "या वेळचं रोप नासकं दिसतंय तुझं. दुसरं आण." म्हणजे झाडाने साक्ष दिली होती आणि दादाने झाडालाच खोटं ठरवलं होतं. मी म्हटलं, "आणते." वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे उघडे होते, पण ती ऐकत होती असं मला वाटलं नाही. मी तेव्हाही काही बोलले नाही. का बोलले नाही हे मला कोणी विचारलं तर उत्तर आहे, लाज वाटली. दीड वर्षाची लबाडी सांगायची म्हणजे दादाच्या तोंडून "माझ्या बहिणीचं काम" हे परत कधी ऐकायला मिळणार नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस किती खाली जातं, बघा.

आणि मग आणखी पंधरा दिवसांनी मी गेले तेव्हा झाड ताजंतवानं होतं.

मला वाटलं, वहिनीने बाजारातून दुसरं आणलं. जवळ जाऊन बघितलं तर झाड तेच. पिवळी पानं देठापासून कापलेली, कापल्याच्या खुणा जुन्या, आणि मधून दोन नवीन पानं फुटलेली, कोवळी, चकचकीत. पण सगळी पानं एकाच बाजूला झुकलेली. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं. झाड असं तेव्हाच झुकतं जेव्हा त्याला एका बाजूने भरपूर उजेड मिळतो. त्या खोलीत कुठल्याच बाजूने उजेड नव्हता. आणि झाड झुकलं होतं ते थेट कपाटाकडे.

वहिनी आली. मी विचारलं, "हे कुठे ठेवत होतीस?"

ती चोरी पकडल्यासारखी उभी राहिली. "गच्चीच्या जिन्यात. तिथे मोठी खिडकी आहे ना. सकाळी नेते, संध्याकाळी आणते. आज तू येणार म्हणून नेलं नाही."

"तीन मजले चढून?"

"कुंडी हलकी असते आतली. बाहेरची इथेच ठेवते," ती म्हणाली. "तुझ्यासारखंच."

मला समजायला क्षणभर वेळ लागला. मग कान तापले.

"तुला माहीत होतं?"

"दुसऱ्याच झाडापासून," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेला टेकली. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, तिच्या पाठीवर वहिनीने सवयीने हात ठेवला. "पहिल्या झाडाची पानं पुसताना माझ्या हातून एका पानाला चीर गेली होती. चांगली बोटभर. मी घाबरले, म्हटलं चिमी काय म्हणेल. पुढच्या वेळी तू येऊन गेलीस आणि चीर गायब! पान काय शिवून येतं का? मग मी दर वेळी बघायला लागले. एखाद्याला पंधरा पानं, एखाद्याला अठरा. एकाला तर तळाला दुसऱ्या ऑफिसची चिठ्ठी होती."

"मग बोलली का नाहीस? त्या दिवशी दादा मला विचारत होता तेव्हा तरी? एक शब्द बोलली असतीस तर—"

"आणि तू यायची बंद झाली असतीस."

ती हे भांडणाच्या सुरात बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. पण तिच्या आवाजात काहीच नव्हतं, भाजी संपली म्हणून सांगावं तसं ती सांगत होती.

"चिमे, या घरात कोण येतं? डॉक्टर येतात, ते घड्याळ बघत बसतात. तुझे दादा दिवसभर पलीकडच्या खोलीत, पण ते त्या भिंगात असतात. एक तू येतेस, एक रविवार सोडून, झाड बदलायला. अर्धा तास बसतेस, बाहेरच्या गोष्टी सांगतेस, त्या बाळूच्या वगैरे. मी खोटं पकडलं असतं तर तू लाजून यायची थांबली असतीस. तुझा स्वभाव मला माहीत नाही का? मग तू रिकाम्या हाताने यायला लागलीस. मला वाटलं, आता कंटाळली. झाड मेलं की ही येणार नाही. म्हणून मग जिन्यात न्यायला लागले."

"मी ते मुद्दाम मरू देत होते!" मी म्हटलं. माझा आवाज चढला, आईची झोप चाळवली. "दादाला दिसावं म्हणून! तुझ्यासाठी!"

"मग सांगायचं ना मला."

एका बाजूने मी झाड मारत होते, दुसऱ्या बाजूने ही जगवत होती, आणि दोघी समोरासमोर बसून चहा पीत होतो. मला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं. वहिनी म्हणाली, "रडू नकोस, त्या उठतील." उठतील हीच तिला काळजी.

"झाडाला रोज तीन मजले वर नेलंस," मी म्हटलं. "स्वतः दोन मिनिटं तिथे बसावं असं नाही वाटलं?"

"मी काय झाड आहे?" ती म्हणाली. "मागे इथे हाका मारायला लागल्या म्हणजे?"

मी कुंडी उचलली आणि पुढच्या खोलीत गेले. दादाच्या टेबलावर उघड्या घड्याळाचे सुटे भाग मांडलेले होते, त्यांच्या शेजारी कुंडी ठेवली. तो दचकला. "अगं, माती पडेल!"

"पडू दे. दादा, ऐक. मागच्या खोलीत उजेड नाही. जराही नाही. तिथे एकही झाड कधी वाढलं नाही. मी दर पंधरा दिवसांनी बदलत होते. फुलं माझ्या जाळीखाली यायची, इथे नाही."

त्याने भिंग काढलं. भिंगाशिवाय त्याचा तो डोळा नेहमी बारीक आणि बिचारा दिसतो.

"म्हणजे दीड वर्षं मला मूर्ख बनवत होतीस?"

"हो."

"किती मेली आत्तापर्यंत?"

"एकही नाही."

"मग?"

"वेळेवर बाहेर काढली, म्हणून."

टेबलावरच्या तीन घड्याळांपैकी दोन चालू होती, त्यांचा आवाज येत होता. मग त्याने मधल्या दाराकडे बघितलं. वहिनी तिथे येऊन उभी राहिली होती, एका हाताने चौकट धरून. दादा रोज तिला बघतच असेल, पण त्या दिवशी तो तिच्याकडे डोळ्याला भिंग न लावता बघत होता.

"मी हिला गप्प केलं," तो म्हणाला, "तुझ्या त्या फुलाच्या जिवावर." आणि तो उठला. सुटे भाग एकेक करून डबीत भरायला लागला. एक चाक खाली पडलं, ते मी शोधून दिलं.

पलंग हलवायला आम्हाला तासभर लागला. आईला आधी खुर्चीत बसवलं, तिने आम्हा तिघांना मनसोक्त शिव्या घातल्या. पलंग मधल्या दारात अडकला, दादाने पाय सोडवले, पुन्हा बसवले. टेबल तात्पुरतं स्वयंपाकघराच्या तोंडाशी ढकललं. आईला खिडकीशी आडवं केलं तेव्हा ऊन तिच्या छातीपर्यंत आलं होतं. तिने डोळे मिचकावले, हात कपाळाशी धरला.

"किती वाजले रे?"

दादाने पाठीमागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "पावणेबारा."

"दिवसाचे?"

"दिवसाचे, आई."

"मग सांगत का नाही कोणी मला?" आई म्हणाली आणि खाली रस्त्याकडे बघायला लागली. रस्त्यावर एक बाई छत्री उघडून उन्हातून चालली होती. आईने ती वळणावर जाईपर्यंत तिला बघितलं.

वहिनी म्हणाली, "मी जरा मागची चादर घडी करून येते." गेली ती आलीच नाही. थोड्या वेळाने मी जाऊन बघितलं. पलंग काढलेल्या रिकाम्या जागी, नुसत्या फरशीवर, अर्धी घडी केलेली चादर उशाला घेऊन ती झोपली होती. तोंड उघडं, एक हात फरशीवर पसरलेला. मी कितीदा तिला बघितलं असेल, पण झोपलेली कधी बघितली नव्हती. मी ट्यूब बंद केली आणि दार लोटून घेतलं. दादा कोपऱ्यावर ट्यूबलाईट मोठी मिळते का बघायला गेला होता.

"अगं ए," आईने हाक मारली. "ऐकतेस का? इकडे ये."

मी गेले. "काय गं आई?"

"तू नको. तिला बोलव."

"ती झोपलीय."

"या वेळेला?"

"हो, या वेळेला. मला सांग ना."

आईने तोंड फिरवलं, जरा लाजलीच असावी. "लागलीय मला. भांडं आण."

मी उभीच राहिले. बाथरूममध्ये बघून आले, पलंगाखाली वाकून बघितलं, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि परत आले. आई मला बघत होती.

"आई, कुठे असतं ते?"

"मागच्या खोलीत, दाराच्या मागे. निळ्या फडक्याखाली," ती म्हणाली. "दीड वर्षं येतेयस ना गं तू?"

मी चपला काढल्या, पाय न वाजवता दार ढकललं आणि आत गेले. वहिनीच्या अंगावरून जपून पाय टाकला. दाराच्या मागे बादल्या होत्या, घड्या होत्या, बाटल्या होत्या, आणि फडकी तीन-चार होती. त्यातलं निळं कुठलं ते दिसत नव्हतं. भर दुपारी मी तिथे हाताने चाचपडत राहिले.